कोरड्या हौदातला ससा

ससा पाळलेल्या घरात पाऊल टाकलं की आधी ससा दिसत नाही, वास येतो. नाकाला झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा, एस.टी. स्टँडच्या मुतारीसारखा. ससा गोंडस असतो, कापसासारखा मऊ असतो, हे सगळे सांगतात. मुताचं कुणी सांगत नाही. मी सांगते, कारण गेल्या महिन्यापासून आमच्या नांदेडच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एक ससा आलाय आणि त्याला घरात कुठं ठेवायचं हे ठरवण्याचं काम, बाकी सगळ्या घाणीच्या कामांसारखं, माझ्यावर आलंय.

ससा माझ्या मुलीचा, मनालीचा. तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीच्या सशिणीला सहा पिल्लं झाली. मैत्रिणीच्या वडिलांनी "आठ दिवसांत वाटून टाका, न्हाई तर मी बाजारात नेतो" असं बजावलं आणि त्यातलं एक बुटाच्या खोक्यात बसून आमच्याकडे आलं. घरी येईस्तोवर खोक्याचा तळ भिजून फाटला होता.

"आई, बघ तरी किती क्यूट आहे!"

"तू खोक्याचा तळ बघ," मी म्हणाले.

एरवी मी त्याला दुसऱ्या दिवशी परत पाठवलं असतं. घरात आम्ही दोघीच, माझी दवाखान्यातली ड्युटी, पोरीचा अभ्यास, कुणाला आहे वेळ? पण हा उन्हाळा जरा विचित्र आला. गेल्या वर्षीचा पाऊस पाठ दाखवून गेला. आमच्या इमारतीत चौथ्या दिवशी टँकर येतो आणि बादल्या घेऊन जिन्यात उभ्या राहिलेल्या बायका एकमेकींकडे चोराकडे बघावं तशा बघतात. त्यात पेपरात पुन्हा नव्या जिल्ह्याच्या बातम्या. इकडचे तालुके तोडायचे, तिकडचे जोडायचे, जिल्ह्याचं ठिकाण आमच्याकडे की तुमच्याकडे, यावरून दवाखान्यातल्या कॅन्टीनमध्येसुद्धा माणसं हमरीतुमरीवर येऊन राहिली आहेत. दुष्काळ, नवा जिल्हा आणि घरात ससा या तीन गोष्टी एकदम मी याआधी एकदाच पाहिल्या. तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि आम्ही लातुरात राहत होतो. तो उन्हाळा मी मुद्दाम कधी आठवत नाही. यंदा तो आपणहून दारात येऊन बसला, खोक्याचा तळ भिजवत.

पिंजरा बघायला मी मनालीबरोबर बाजारात गेले. पक्षी, मासे, कुत्र्यांचे पट्टे विकणारं दुकान. आत शिरताच हात नाकावर गेला. वॉर्डात सत्तावीस वर्षं काढलेली बाई मी, माझा सहसा जात नाही. एका जाळीच्या पिंजऱ्यात नऊ ससे एकमेकांवर रचून ठेवले होते. वरचे कोरडे, खालचे ओले. दुकानदार त्याच पिंजऱ्याला टेकून मिसळ खात होता.

"ताई, हा घ्या. तीन मजली," तो रश्श्याच्या हातानंच एक गुलाबी डोलारा दाखवत म्हणाला. "वर झोपतो, मधात खातो, खाली संडास करतो. एकदम आपल्या फ्लॅटवानी. लेंडी जाळीतून खाली पडते, हात लावायचं कामच न्हाई."

"आणि पाय?"

"कुणाचे?"

"सशाचे. रात्रंदिवस तारेवर उभं राहायचं का त्यानं?"

"ताई, सशाला काय चपला घेता का आता?" आणि तो स्वतःच्याच विनोदावर इतका हसला की रश्श्याचे दोन थेंब खालच्या सशावर पडले.

मी एक ससा उचलून उलटा केला. मागच्या पायांच्या तळव्यांवरचे केस गेले होते आणि मधे लाल, ओलसर जखमा. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या टाचांना पडतात, अगदी तशा. मी वर्षानुवर्षं त्या धुतल्यात, त्यांचा वास मला झोपेतही ओळखता येईल. सशाच्या तळव्याला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. तारेवर ठेवलं की ते झिजतात आणि मग मांस. हे त्या दुकानदाराला ठाऊक नव्हतं असं नाही. त्यानं ससा माझ्या हातातून घेतला आणि सुलटा करून ठेवला, एवढंच. हे पिंजरे सशासाठी कुणी बनवत नाही. सशाच्या मालकाला वास येऊ नये, वाकावं लागू नये, हात भरू नयेत म्हणून बनवतात. वर गुलाबी रंग देतात, कारण पैसे देणारं माणूस रंग बघतं.

रिकाम्या हातानं परतलो. वाटेत मनाली म्हणाली, "मग बाथरूममध्ये ठेवू या का? टाइल्स गार असतात, पाणी ओतलं की साफ. आणि तसंही चार-चार दिवस नळाला पाणी नसतंच."

"न्हाई!" मी इतक्या जोरात ओरडले की रिक्षावाल्यानं ब्रेक मारला.

लातूर तेव्हा नुकतंच उस्मानाबादेतून वेगळं निघून जिल्हा झालं होतं. त्या नव्या जिल्ह्याला कारकून लागत होते, म्हणून माझ्या वडिलांची, दादांची, नांदेडहून तिकडे बदली झाली. गावात जो तो खूश होता. प्रत्येक घरमालकानं अंगणात, गोठ्यात, जिन्याखाली जागा सापडेल तिथं खोल्या काढल्या होत्या आणि बदलून आलेल्या नोकरदारांना त्या भाड्यानं दिल्या होत्या. आमच्याही दोन खोल्या अशाच, कुणाच्या तरी गोठ्याच्या जागी उभ्या केलेल्या. शहाबादी फरशीच्या सांधीतून उन्हं चढली की अजून शेणाचा वास यायचा. एका कोपऱ्यात मोरी आणि मोरीत माझ्या छातीइतका उंच सिमेंटचा हौद. मालकीणबाई त्या हौदाचं फार कौतुक सांगायच्या. "इतका मोठा हौद ह्या बोळात कुणाच्याच भाडेकरूला न्हाई." खरं होतं. हौद मोठा होता. त्यात पाणी नव्हतं.

नळाला आठ दिवसांनी, कधी दहा दिवसांनी पाणी यायचं. कधी येईल त्याचा नेम नाही. त्यामुळे सगळ्या बोळात एक रीत होती: नळाची तोटी कायम उघडी. घरात असा, नसा, झोपा, बाहेरगावी जा, तोटी उघडीच. खाली हौद, टाकी, पातेलं, जे असेल ते. सुकलेल्या नळातून दिवसभर हवा सुस्कारायची आणि माणसं बोलता बोलता मधेच थांबून कान द्यायची. तोटी बंद करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. घराचं दार उघडं राहिलं तर चोर एखादं भांडं नेईल. तोटी बंद राहिली तर दहा दिवस गेले. असा हिशेब होता तो.

आणि आंघोळीचं पाणी! परातीत बसून आंघोळ करायची, परातीतलं पाणी बादलीत. त्या पाण्यात कपडे. कपड्यांचं पाणी फरशीला. फरशीचं काळं झालेलं पाणी संडासच्या डब्यात. एकाच पाण्यात तिघांची घाण साचत जायची आणि माय, म्हणजे माझी आई, ते असं जपून उचलायची की जणू दूध.

नांदेडची शाळा, मैत्रिणी सुटल्या म्हणून मी धुसफुसत होते. माझी समजूत काढायला दादांनी औशाच्या बाजारातून ससा आणला, भाजीच्या पिशवीतून. मातकट रंगाचा, एक कान किंचित वाकडा. नव्या जिल्ह्यात ज्याला त्याला साहेब म्हणायची पद्धत पडली होती, म्हणून मी त्याचंही नाव साहेब ठेवलं.

"हे एक कमी होतं," माय म्हणाली. "माणसांना प्यायला न्हाई आन् साहेब आले."

पण मग साहेबाला ठेवायचं कुठं? आधी आंब्याची लाकडी पेटी. ती त्यानं दोन दिवसांत कुरतडून तिच्या कडेला रस्ता केला. मग कोंबड्या झाकतात ते बांबूचं डालगं शेजारून मागून आणलं. ते एका दुपारीत खाल्लं. मग पलंगाखाली विटा लावून बंदोबस्त केला. तिथं त्यानं माझ्या गोधडीचा कोपरा ओढून घेतला आणि त्यावर यथेच्छ मुतला. ती गोधडी धुवायला पाणी नव्हतं. मी ती नुसती उन्हात टाकायची आणि रात्री पांघरायची. उन्हानं वास मरतो म्हणतात. खोटं आहे. उन्हानं वास शिजतो.

दुपारी पत्रे तापायचे, तेव्हा साहेब एका अंगाला पडून भराभर श्वास घ्यायचा, नाकपुड्या सुईच्या शिलाईसारख्या हलायच्या. ससा उन्हाळ्यानं मरतो हे मला दादांनी सांगितलं होतं. म्हणून मी घरातली सगळ्यात गार जागा शोधली. तो हौद. मी आत उतरून बघितलं होतं: जाड सिमेंट, अंधार, तळाशी पायांना बरा वाटेल असा गारवा. तळाला गोणपाट अंथरलं, एका कोपऱ्यात बाजारातून उचलून आणलेली कोबीची पानं. साहेब आत सोडला. त्यानं एक चक्कर मारली, मग दुसरी, मग आडवा-उभा धावला. पेटीत त्याला वळता येत नव्हतं. इथं त्याला तीन उड्या सलग मारता येत होत्या. कुत्रं नाही, मांजर नाही, वारा नाही. मला माझ्या हुशारीचा फार अभिमान वाटला. आजही, नुसती जागा म्हणून विचार केला, तर सशासाठी ती उत्तम होती.

वर तोटी उघडी होती. पण पाणी कधी येणार ते नगरपालिकेचा व्हॉल्व्हवाला सांगायचा. सायकलवरून बोळात यायचा आणि राजासारखा उभा राहून जाहीर करायचा, "शुक्रवारी." म्हणजे शुक्रवारी. गुरुवारी रात्री ससा बाहेर काढायचा, हौद घासायचा, झालं. असे दोन आठवडे गेले.

मालकीणबाईंबद्दल लिहायला हवं. त्यांना आम्ही काकू म्हणायचो. काका गावाकडे शेतावर असायचे, काकू इथं भाडं सांभाळायला. खोली देताना त्यांनी आमचं आडनाव विचारलं होतं, त्यावरून त्यांना काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी सामान लागलं, समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली आणि त्यांना कळलं. काकू वाईट बोलल्या नाहीत. खोली सोडा म्हणाल्या नाहीत. दादा सरकारी नोकर, पहिल्या तारखेला भाडं हातात. फक्त तेव्हापासून त्यांना आमच्या घरात तहान लागायची बंद झाली. भर दुपारी घामानं निथळत यायच्या, तासभर बसायच्या, माय तांब्या पुढं करायची आणि काकू म्हणायच्या, "आत्ताच पिऊन आले बघा." ज्या गावात कुणालाच प्यायला मिळत नव्हतं, त्या गावात ही एक बाई कायम आत्ताच पिऊन आलेली असायची. आमच्याकडे थेंब नसला तर त्या कळशीभर द्यायच्याही. मात्र वरून ओतायच्या, हातभर उंचावरून. अर्धं पायरीवर सांडायचं. तोवर लातुरात पाणी सांडताना मी तेवढंच पाहिलं होतं.

माय कळशी उचलायची, पायरी पदरानं पुसून घ्यायची आणि तो पदर बादलीत पिळायची.

मग तो दिवस. नव्या जिल्ह्याच्या आणखी एका ऑफिसचं उद्घाटन होतं, आमच्या बोळापासून हाकेच्या अंतरावर. दादा सकाळपासून खुर्च्या मांडायला गेले होते. मंत्री येणार, बँड येणार, पेढे वाटणार, म्हणून सगळा बोळ बघायला निघाला. निघताना मी मायला विचारलं, "तोटी बंद करू का? साहेब आत हाय."

"येडी हायेस का? तोटी बंद करून कुणी घर सोडतं व्हय? आन् पाणी तर शुक्रवारी हाय."

मंगळवार होता. मी साहेबाला बाहेर काढून पलंगाखाली ठेवू शकले असते. पण पलंगाखाली भट्टी होती आणि बाहेर बँड वाजायला लागला होता. मी गोणपाट नीट केलं आणि पळाले.

उद्घाटनाच्या जागी टँकर उभा होता. आम्हाला वाटलं, लोकांना पाणी देणार. टँकरच्या मागच्या फुटक्या नळकांड्यातून पाणी मातीवर शिंपडत होते. पाहुण्यांच्या गाड्यांनी धूळ उडू नये म्हणून. तापलेली माती ते पाणी चर्र करून पीत होती. दोन्हीकडे कुंड्या मांडलेल्या, त्यांत हिरवीगार झाडं, कुठून आणली होती कोण जाणे. रिकामे हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायकांतली एक ओरडली, "ओ सायेब, आमच्या तोंडावर मारा की जरा!" सगळ्या हसल्या. मीही हसले. टँकरवालाही हसला आणि मातीवरच शिंपडत राहिला.

परत बोळात शिरलो तर पाण्याचा आवाज. माझ्या आयुष्यात मी पाण्याच्या आवाजानं इतकी आनंदले नाही. हे लिहिलंच पाहिजे, कारण बाकी सगळं यानंतर येतं. "माय, पाणी आलं! पाणी आलं!" म्हणत मी उड्या मारत दारापर्यंत गेले. कडी काढेपर्यंत मला ससा आठवला नाही.

पाहुण्यांसाठी त्या नव्या ऑफिसची टाकी भरायची म्हणून लाइनला पाणी सोडलं होतं आणि आमचा बोळ त्याच लाइनवर होता. आमचा हौद काठोकाठ भरून मोरीत सांडत होता. वर कोबीची पानं, सडलेल्या वैरणीच्या काड्या, फुगलेल्या लेंड्या, आणि त्यांच्यामधे साहेब. ओला झाला की ससा केवढा लहान होतो! उंदराएवढा. हौदाच्या आतल्या कडेला, पार काठापर्यंत, नखांचे पांढरे ओरखडे उठले होते.

मायनं आधी तोटी बंद केली. मग त्याला मानेला धरून काढलं, पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. "धर." मी धरलं. तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला.

त्यांचा हौद उंच ओट्यावर होता. त्या दिवशी तिथवर पाणी चढलंच नव्हतं. घागर कडेवर घेऊन त्या पायरीखाली उभ्या होत्या, माझ्या डोक्यावरून आत हौदाकडे बघत.

"तुमच्यात भरलं म्हणं. आमच्यात थेंब न्हाई चढला."

"भरलं की," माय म्हणाली. "पण काकू, त्यात ससा मेलाय."

काकूंनी माझ्या हातातल्या पोत्याकडे बघितलं. पोत्यातून पाणी गळत होतं.

"काढला न्हवं?"

"काढला."

"मग काय! ससा म्हंजे गवत खाणारा जीव. त्याचं काय एवढं." मग त्या एक पायरी वर आल्या आणि आवाज उतरवून, जशी आमच्याच भल्याची गोष्ट विचारावी तसं विचारलं, "तुमचं भांडं न्हाई ना बुडवलं अजून?"

मला क्षणभर कळलंच नाही. दहा वर्षांच्या पोरीला अशा गोष्टी कळायला जितका वेळ लागतो तितकाच लागला, म्हणजे फार नाही. लेंड्या चालत होत्या. मूत चालत होतं. मेलेलं जनावर चालत होतं. आमचा तांब्या चालत नव्हता.

माय ओरडेल असं मला वाटलं. ती ओरडली नाही. तिनं बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवल्या आणि दोन्ही हात हौदात घातले, पार खांद्यापर्यंत, पोलकं भिजेस्तोवर. तळाचं गोणपाट ओढून वर काढलं आणि हौदातच खळबळून पिळलं. एकदा, दोनदा.

"आता बुडवलं," ती म्हणाली. "घ्यायचं तर घ्या."

काकू रिकामी घागर घेऊन गेल्या.

रात्री दादा आले, खिशात पेढ्याचा पुडा. सगळं ऐकून म्हणाले, "फेकून दे ते पाणी."

"फेकते. सकाळी तोंड कशानं धुता? फायलीनं?"

फेकलं नाही. मायनं ते फडक्यानं दोनदा गाळलं, तुरटी फिरवली, उकळलं. आम्ही त्यात आंघोळ केली, डाळ शिजवली, चहा केला. चहाला तुरटीची तुरट चव आणि तिच्याखाली अगदी पुसट, ओळखीचा वास. मी प्याले. मला ओकारी आली नाही. आज पन्नाशी ओलांडल्यावरही मला कशाची सगळ्यात जास्त शिसारी येत असेल तर याची, की तेव्हा आली नाही. कपबशी पुढं आली, मी फुंकर मारली आणि प्याले. ज्या हातांनी त्याला परसात पुरलं होतं, त्याच हातांनी.

तिसऱ्या दिवशी काकू पुन्हा आल्या. दोन घागरी घेऊन. मायच्या तोंडाकडे न बघता म्हणाल्या, "झाडांना पाहिजे होतं जरा."

त्यांच्या अंगणात एक वाळून कोळ झालेला शेवगा होता आणि एक फुटकी कुंडी.

"न्या की," माय म्हणाली. "झाडं तरी काय करतील बिचारी."

शुक्रवारी पाणी आलंच नाही, त्यामुळे काकू रोज संध्याकाळी यायच्या आणि दोन घागरी झाडांना न्यायच्या. मी भिंतीवरून टक लावून बघायची. शेवग्याच्या बुडाशी कधी ओल दिसली नाही. काकूंच्या चुलीवर मात्र भात शिजत होता. आणि या सगळ्या दिवसांत दुपारी बसायला आल्या, मायनं तांब्या पुढं केला, की उत्तर तेच: आत्ताच पिऊन आले. हे तर खरंच होतं आता. आमचंच पिऊन आल्या होत्या.

लोक दुष्काळाबद्दल लिहितात तेव्हा म्हणतात, संकटात माणूस माणसाच्या जवळ येतो. मी तरी आलेला बघितला नाही. घागर आली.

मनालीला मी यातलं निम्मंच सांगितलं. ससा हौदात बुडाला, म्हणून बाथरूम नको. काकूंचा भाग सांगितला नाही. लपवायचं म्हणून नाही. तो तिला कुठं ना कुठं भेटेलच, वेगळी साडी नेसून. कदाचित भेटलाही असेल आणि तिनं मला सांगितलं नसेल. तिनं फक्त विचारलं, "तुला रागावली का गं आजी?" तोटी आणि ससा यांतलं एक मी निवडायला हवं होतं, असं माय मला कधी म्हणाली नाही. एकदा म्हणाली असती तर बरं झालं असतं.

असो. जागा ठरवायची होती. मी घरभर फिरून एकेक नाव खोडलं. बाल्कनी: बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, दोन तासांत खलास. स्वयंपाकघर: मी जेवते तिथं लेंड्या चालणार नाहीत, आणि गॅस. बाथरूमचं झालंच. मनालीची खोली: ती नऊला उठते आणि झाडू कोणत्या बाजूनं धरतात हे तिला अजून नक्की ठाऊक नाही. राहिली माझी खोली, कूलरचा झोत थेट येत नाही तो पलंगाजवळचा कोपरा. म्हणजे घाण माझ्या उशाशी. मला आधीच कळायला हवं होतं.

मग नीट केलं. अर्धवट केलेलं काम मला बघवत नाही. पिंजरा नाहीच. जुन्या कपाटाचा खालचा खण दारं काढून आडवा ठेवला, लपायला अंधार. पुढं टोपणं घातलेल्या प्लास्टिकच्या नळ्या जोडून गुडघ्यापेक्षा उंच कुंपण, आत सलग तीन-चार उड्या मारता येतील एवढी जागा आणि वर मोकळं, मागच्या पायांवर उभं राहिलं तरी कान टेकायला नकोत. खाली टाइलवर पाय घसरतात म्हणून जाडजूड सतरंजी. एका बाजूला भाजलेल्या मातीची एक सुटी फरशी, अंग गार करायला. घाणीचा ट्रे कोपऱ्यात, वर वाळलं गवत, कारण ससे खाता खाताच उरकतात, घाणेरडे. तारा सगळ्या भिंतीवर वर चढवल्या. पाणी जड मातीच्या वाडग्यात, बोटाच्या पेराएवढं खोल. मनाली म्हणाली, "एवढंच पाणी?" मी म्हणाले, "एवढंच. संपलं की पुन्हा."

पहिले आठ दिवस तो कपाटाच्या खणातून बाहेरच आला नाही. पाठमोरा बसून राहायचा. खायचं ते आम्ही झोपल्यावर. मी सकाळी उठून ट्रे उपसायची, व्हिनेगरनं पुसायची, नाकाला रुमाल बांधायची आणि त्याला शिव्या घालायची. "परत देऊन टाकू का?" मनाली रडवेली होऊन विचारायची. "त्याला आवडलं नाही का आपलं घर?" मला काय माहीत. सशाला विचारता येत नाही. मी आयुष्यात एकाच सशासाठी जागा निवडली होती आणि तीही मला फार आवडली होती.

परवा, रविवारी दुपारी, मनाली माझ्या खोलीतून किंचाळली. "आई! आई गं, मेला!"

मी कणकेच्या हातानं धावले. तो कुंपणाच्या मधोमध, मातीच्या फरशीवर नाही, सतरंजीवर, एका कुशीला पडला होता. पाय ताठ पसरलेले, मान उलटी, डोळा अर्धा उघडा आणि पांढरा. मनाली भिंतीला चिकटून, "बसला होता गं नुसता, एकदम धाडकन पडला, कुणीतरी ढकलल्यासारखा!" मी कुंपणात पाय टाकला, खाली बसले आणि बोटं त्याच्या बरगड्यांखाली घातली. 

पोट हललं. वर, खाली. सावकाश, अगदी सावकाश. घोरणाऱ्या माणसासारखं. त्यानं एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं, मागच्या पायानं माझं मनगट झटकलं आणि कूस बदलून पुन्हा तसाच पसरला.

"काय झालंय त्याला?"

"काही न्हाई. झोपलाय."

"असं झोपतात?"

"निर्धास्त असले म्हंजे झोपत असतील," मी म्हणाले. मलाही ते ठाऊक नव्हतं. त्या दुसऱ्या सशाला मी असं झोपलेलं कधी बघितलं नव्हतं.

माझ्या बोटांना केस चिकटले होते, कणीक आणि केस, आणि तो वास. मनालीनं नाक मुरडलं. "शी, आई! हात धू ना आधी."

"धुते," मी म्हणाले. "बस जरा." आणि त्याचं पोट हलतंय तिथं हात तसाच ठेवला.